पेटीचे चार सेंटिमीटर

सुतार मला एकदाच विचारून गेला होता, "काका, हे माप आतलं की बाहेरचं?" त्यावर मी "दोन्ही एकच" असं म्हणालो नसतो, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती आणि आमच्या सोसायटीच्या चिटणिसांच्या पाठीला स्क्रूही टोचला नसता. पण माणूस चुकतो तो नेहमी हुशारीच्या जागी. मठ्ठपणाच्या जागी तो जपून पाऊल टाकतो.

माझी हुशारीची जागा म्हणजे दुसऱ्यांच्या चुका. अडतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोक पुस्तकं लिहायचे आणि मी त्यातल्या चुकांभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल करायचो. एवढ्या वर्षांत स्वतः काही करून पाहायची वेळच आली नाही, त्यामुळे स्वतः चुकायचा म्हणावा तसा सराव राहिला नाही. घरात खिळा ठोकायचा तर बायको ठोकते. गाडीही तीच चालवते. ती शाळेत खेळ शिकवायची. रस्त्यात चाक पंक्चर झालं तर ती ते बदलते आणि मी नट हरवू नयेत म्हणून रुमालात धरून उभा राहतो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही.

गाडी पंधरा वर्षांची. मला तिच्याबद्दल प्रेम आहे आणि त्याचं कारण थोडं लाजिरवाणं आहे. समोरासमोर बसलो की मला बोलणं सुचत नाही. गाडीत मात्र माणसं शेजारी शेजारी बसतात, दोघांचे डोळे रस्त्यावर. आयुष्यात मी जे काही मनातलं बोललो असेन, ते बायकोच्या एका कानाशी, पन्नासच्या वेगात बोललेलो आहे. मागे हळू आवाजात गाणी चाललेली असायची, ती त्यावर गुणगुणायची, आणि मधल्या जागेत मी माझं वाक्य सरकवून द्यायचो.

मग तिचे कान कमी झाले. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज गेलेत, जाड राहिलेत." म्हणजे घंटी ऐकू येत नाही, दारावर बुक्की मारली तर येते. कानाचं यंत्र लावून गाडी चालवायला त्यांची हरकत नव्हती. पण यंत्रातून गाणं ऐकलं की म्हणे पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं. तिने गाणी बंद केली. चार-पाच फेऱ्यांनंतर गाडीवर कापड घातलं आणि म्हणाली, "गाडी मुकी झाली हो. आता चालवावीशी वाटत नाही."

त्यातच गाडीच्या तपासणीची तारीख आली. गाडीला पंधरा वर्षं झाली की ती सरकारी तपासणीत पास व्हावी लागते. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे. नापास झाली तर तो त्याच दिवशी येऊन घेऊन जाईल." आणि बायको एवढंच म्हणाली, "बघू. नापास झाली तर झाली."

ते "झाली तर झाली" मला फार लागलं. ज्या बाईने शाळेत एकाही पोराला "हरलो तर हरलो" म्हणू दिलं नाही, ती हे बोलत होती. दुसऱ्या दिवशी ती आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यामागे काहीतरी करायचं ठरवलं.

जाड आवाज काढणारा एक स्पीकर असतो, त्याला सबवूफर म्हणतात, इतकं मी वाचलं होतं. दुकानात गेलो. दुकानदाराने मला आपादमस्तक पाहिलं.

"नातवासाठी का, काका?"

मला नातू नाही. पण खरं सांगण्यापेक्षा हे सोपं वाटलं. "हो," मी म्हणालो.

"वय काय?"

"सदुसष्ट," मी म्हणालो. माझ्या डोक्यात बायको होती.

त्याने एक भला मोठा स्पीकर आणि त्याला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "हा कानाने ऐकायचा नसतो, काका. पाठीने ऐकायचा असतो." हे वाक्य मला इतकं पटलं की मी घासाघीस करायचीही विसरलो. मात्र त्याच्याकडे जी तयार पेटी होती तिच्या चारी बाजूंनी तांबडे-निळे दिवे लुकलुकत होते. ती घेऊन सोसायटीत शिरण्याइतकं धैर्य माझ्याकडे नव्हतं. "पेटी मी घरी करीन," मी म्हणालो. हे वाक्य माझ्याच तोंडून आलं याची मी आजही खात्री देऊ शकत नाही.

जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेली एक पुस्तिका माझ्याकडे होती: 'मोटारीसाठी घरगुती ध्वनिपेटी'. मी ती तिच्यातल्या चुका पाहायला म्हणून घेतली होती. आता ती कामासाठी उघडली, आणि चौथ्या पानावर माझे डोळे चमकले. यादीत पेटीची लांबी साठ सेंटिमीटर दिली होती आणि समोरच्या पानावरच्या चित्रात चौसष्ट. एका पेटीला दोन लांब्या. रुंदी आणि उंचीचीही तीच तऱ्हा. छापखान्याची चूक मला शंभर पावलांवरून दिसते. चित्र काढणारा माणूस जपून काढतो, यादीचा मजकूर जुळवणारा जेवायच्या घाईत असतो, हा माझा अनुभव. मी यादीतला साठ तांबड्या पेन्सिलीने कापला आणि समासात चौसष्ट लिहिलं. बाकीचीही मापं चार-चारने वाढवली. त्या क्षणी मला निवृत्त झाल्यासारखं वाटेना.

सुतार भला माणूस. त्याने तो कागद पाहिला आणि तो प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. "बरं," तो म्हणाला. सुतारांचं हे "बरं" डॉक्टरांच्या "हं"सारखं असतं. त्यात सगळं असतं, पण ते आपल्याला सांगत नाहीत.

तो खाली पार्किंगमध्ये फळी कापायला बसला तोच चिटणीस आले. त्यांना गृहस्थ म्हणून मी मान देतो, पण ते नियमांचं पुस्तक काखेत धरून झोपत असावेत असा मला संशय आहे.

"पार्किंगमध्ये बांधकामाला अर्ज लागतो."

"बांधकाम नाही. पेटी आहे."

"पेटीला भिंती आहेत का?"

"आहेत."

"मग?"

मी तीन प्रतींत अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "यातून आवाज किती होणार, ते नमूद नाही." मी लिहिलं, 'जाड, परंतु मर्यादित.' त्यावर त्यांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणीनंतर.' तेवढ्या वेळात सुताराने पाच फळ्या जोडून ठेवल्या होत्या.

"काका, तळ पुरला नाही. लाकूड कमी पडलं."

"कसं पडेल? पुस्तिकेत हिशेब दिलाय."

"बरं," सुतार म्हणाला.

तळाशिवायची ती पेटी आम्ही दोघांनी उचलून डिकीपाशी नेली, आणि ती आत जाईना. उभी जाईना, आडवी जाईना, तिरकी करून पाहिली तर रंग खरवडला. पाच मिनिटांत आजूबाजूचे सगळे जमले. एक म्हणाला, कोपरे तासा. दुसरा म्हणाला, तेल लावा. तिसरा म्हणाला, गाडी लहान आहे, आणि असा बघत राहिला की जणू मी ती धुवून आटवली होती. मी पुस्तिका हातात घेऊन उभा होतो, कारण हात रिकामे असले की माणूस जास्त दोषी दिसतो.

सुताराने पुस्तिका माझ्या हातातून हळूच घेतली. "काका, यादीत आतलं माप आहे. चित्रात बाहेरचं. फळी दोन सेंटिमीटर जाड. दोन बाजूंच्या मिळून चार. दोन्ही बरोबरच होती. तुम्ही आतलं चौसष्ट केलंत, म्हणून बाहेरून अडुसष्ट झाली."

अडतीस वर्षांत माझ्याशी कोणी इतक्या सौम्यपणे इतकं वाईट बोललं नव्हतं.

मुद्रितं तपासताना एक खूण असते. आपण कापलेला शब्द मूळचाच बरोबर होता असं ध्यानात आलं, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची. अर्थ असा, की राहू द्या तसंच. ही खूण म्हणजे तपासणाऱ्याने कान धरून उभं राहणं. मी ती फार थोड्या वेळा केली आहे. त्या दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून मी चौसष्ट कापलं आणि साठखाली टिंबं दिली. त्याने पेटी लहान झाली नाही.

नवी पेटी करायला फळीही नव्हती आणि दिवसही नव्हते. शेवटी सुतारानेच वाट काढली. मागच्या सीटची पाठ सोडवली, पेटी मागच्या दारातून आत घेतली आणि डिकीत ढकलली. तिथे ती उंचीलाही चार सेंटिमीटर जास्त भरली, डिकीचं झाकण लागेना. मग त्याने स्टेपनीवरची फळी काढली आणि आमची बिनतळाची पेटी, डालग्याखाली कोंबडी झाकावी तशी, स्टेपनीवर झाकली. चार स्क्रू मारले, सीटची पाठ परत लावली. झाकण लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पांगले, आणि मला तेवढं पुरे होतं.

आता राहिला अ‍ॅम्प्लिफायर. तो सीटच्या पाठीला मागच्या अंगाने बसवायचा होता, त्यासाठी एक फळी हवी होती. सुताराला अजून त्रास द्यायची मला लाज वाटली. शब्दकोशांच्या कपाटातला मधला कप्पा मी काढला. शब्दकोश जमिनीवर ठेवले आणि त्यांच्याकडे न बघता फळी घेऊन खाली आलो. ती मी स्वतःच्या हाताने, एकट्याने, आठ स्क्रूंनी बसवली. दुकानदार येऊन स्पीकर पेटीत बसवून तारा जोडून गेला, गाण्यांची चकती घातली, सगळं नीट चालतंय का ते पाहिलं, आणि जाताना 'नातवा'साठी आगीच्या ज्वाळांचं चित्र असलेलं एक चिकटपत्र डिकीवर फुकट चिकटवून गेला. मी "नको" म्हणालो होतो. माझं "नको" सहसा ऐकू जात नाही.

संध्याकाळी चिटणीस प्रत्यक्ष पाहणीला आले. मागच्या सीटवर बसले, वही उघडली, आणि आरामात पाठ टेकली.

मी वापरलेले स्क्रू लांब होते. किती लांब, ते चिटणिसांना माझ्याआधी कळलं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि ते मला जास्त बोचलं. "यासाठी वेगळा अर्ज लागतो का, ते पाहावं लागेल," असं म्हणून ते एक हात पाठीवर धरून जिना चढून गेले. मी घरातून छापखान्याच्या काळातली आठ खोडरबरं आणली आणि एकेका टोकावर एकेक खोचलं. जन्मभर ती दुसऱ्यांच्या चुका पुसायला वापरली. माझी चूक पुसली गेली नाही, पण झाकली गेली.

बायको तपासणीच्या आदल्या संध्याकाळी परत आली. सकाळी सहा वाजता मी चहा करत होतो तेव्हा ती खाली जाऊन गाडीभोवती फिरून आली. तिने हात धुतले आणि विचारलं, "डिकीवर आग लागलीय ती कसली?"

"चिकटपत्र आहे."

"आणि आत पेटी?"

"लाकडाची आहे," मी म्हणालो. दारं-खिडक्या असलेल्या घरात, समोरासमोर, याहून जास्त मला जमलं नाही.

"पुस्तकं आता गाडीतही ठेवणार वाटतं," ती म्हणाली आणि कानात यंत्र घालून किल्ली उचलली.

तपासणीच्या आवारात आमच्यापुढे नऊ गाड्या आणि मागे वीसेक. तपासनीस म्हणजे टोपी घातलेला, घामाघूम झालेला एक लठ्ठ गृहस्थ, हातात फळीला बांधलेला कागद, खिशात टॉर्च. एका परीने आम्ही समव्यवसायी होतो, त्यामुळे मला त्याची जास्तच भीती वाटत होती. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, टायरला लाथ मारली. मग डिकी उघडली. बायको चालकाच्या जागेवर बसलेली, मी मागे उभा.

"ही पेटी कसली?"

"आवाजाची."

"स्टेपनी कुठे आहे?"

"पेटीत."

"स्टेपनी पेटीत कशाला ठेवली?"

"ठेवली नाही. ती होतीच. पेटी नंतर आली."

त्याने टोपी थोडी मागे सारली. "हे बघा, मला स्टेपनी दिसली पाहिजे. नाही दिसली तर नापास. सरळ आहे."

मुलाचं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. मी पाहिलं तर बाजूच्या आरशातून बायको आमच्याकडे बघत होती. तिला ऐकू किती येत होतं कोण जाणे, पण तिचा चेहरा "झाली तर झाली" असा नव्हता. आठ दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, हिलाही गाडी जाऊ नये असंच वाटतंय.

"दिसते," मी म्हणालो. "या भोकातून." पेटीला पुढच्या बाजूला, स्पीकरच्या खाली, हवा खेळायला एक गोल भोक असतं. पुस्तिकेतली ती एकच गोष्ट मी दुरुस्त न करता सोडली होती.

तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, मागच्या वीस गाड्यांकडे पाहिलं. मग गुडघे टेकले, टॉर्च लावली आणि भोकाला डोळा लावला. "हं, टायर दिसतोय खरा," तो आत बोलला. आणि वेळ वाचावा म्हणून तिथूनच मोठ्याने म्हणाला, "बाई, विजेची सगळी उपकरणं चालू करा."

बायको हुकुमाची पक्की. तिने दिवे लावले, वायपर लावला, आणि गाण्याचं बटण दाबलं. दुकानदाराने जाताना आवाज पूर्ण ठेवलेला होता.

धुम्म.

असा आवाज मी पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता. त्या भोकातून वारा सुटला, त्याच्याबरोबर सुताराच्या कामाचा सगळा भुसा सुटला, आणि तपासनिसाची टोपी माझ्या पायाशी येऊन पडली. तो मागे बसता झाला. त्याच्या भुवया, मिशा, कागद, सगळं पिवळं झालं होतं. वायपर कोरड्या काचेवर इकडून तिकडे फिरत होता. मला वाटलं, संपलं. मी गाणं बंद करायला पुढे धावलो. माझ्या वयाला जितकं धावता येतं तितकं.

बायको दोन्ही हात सुकाणूवर ठेवून बसली होती. डोळे मिटलेले. मी खिडकीतून आत हात घातला तर तिने तो धरला.

"थांबा," ती म्हणाली. "पाठीत वाजतंय."

मी थांबलो. धुम्म, धुम्म-धुम्म. तिचं बोट सुकाणूवर चालायला लागलं.

"अहो, हे ते गाणं आहे ना? आपण घाटातून यायचो तेव्हाचं? शब्द नाही कळत, पण ठेका कळतोय. ठेक्यावरून शब्द आठवतायत." आणि ती गुणगुणली. बेसूर, पण बेसूर ती आधीपासून होती.

तपासनीस आमच्यापाशी येऊन उभा होता. टोपी झटकून त्याने डोक्यावर ठेवली. "बाई, बंद करा," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. त्याने परत म्हटलं नाही, कडवं संपेपर्यंत थांबला. हा त्याचा मोठेपणा की कानात भुसा गेलेला, मला सांगता येणार नाही. कडवं संपल्यावर तिनेच बटण बंद केलं.

"स्टेपनी दिसली," तो म्हणाला. "पण पंक्चर झालं तर ती काढणार कशी?"

मी खिशातून रुमाल काढला.

"सीटची पाठ काढायची, पेटीचे चार स्क्रू काढायचे, पेटी पुढे ओढायची," बायको म्हणाली. "पंधरा मिनिटं. नट धरायला हे आहेत. काढून दाखवू?"

सकाळी सहा वाजता ती नुसती गाडीभोवती फिरली नव्हती तर.

मागून तीन-चार हॉर्न वाजले. "नको, नको," तपासनीस म्हणाला आणि कागदावर लिहू लागला. उलट्या बाजूने वाचायची मला जुनी सवय आहे. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'स्टेपणी आहे. हवा चांगली येते. पास.' पहिल्याच शब्दात एक चूक होती. मी ती पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिलो.

आवाराच्या बाहेर आलो. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "पास? आता त्या माणसाला काय सांगू?" मी म्हणालो, "सांग की गाडी बोलायला लागली." तो म्हणाला, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?" बरी होती. इतकी बरी की मला ती ओळखूच येईना.

घराचं वळण आलं. बायकोने ते जाऊ दिलं. पुढचंही जाऊ दिलं. गाणं मध्यम आवाजात चाललं होतं, माझ्या पाठीत आणि तिच्या पाठीत एकदमच वाजत होतं.

"माझ्यासाठी केलंत का हे?"

"तपासणीसाठी," मी रस्त्याकडे बघत म्हणालो. मग पन्नासचा वेग आहे हे माझ्या ध्यानात आलं. "तुझ्यासाठी," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं की नाही कळेना. म्हणून मी जरा जाड आवाजात परत म्हणालो.

"कळलं, कळलं. रस्त्यात ओरडू नका," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पेटी मोठी झालीय मात्र."

"चार सेंटिमीटर. माप चुकलं माझं. सुतार म्हणतो, मोठ्या पेटीतून आवाज आणखी जाड येतो. पण बरोबर मापाची परत करून घेतो."

"काही नको," ती म्हणाली. "आता दुरुस्त करायला जाऊ नका."

घरी पोचायला दुपार झाली. बायको गाडीपाशीच थांबली, मी वर निघालो. जिन्यात चिटणीस भेटले. त्यांना मी पास झाल्याचा कागद दाखवला, त्यांनी तो दोन वेळा वाचला आणि शेऱ्यातली चूक काढून दाखवली. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

शब्दकोश अजून जमिनीवरच होते. त्यांच्याशेजारी बसून मी पुस्तिका उघडली. समासातल्या, मीच लिहिलेल्या आणि मीच कापलेल्या चौसष्टखाली तांबड्या पेन्सिलीने टिंबांची ओळ दिली. त्या पानाची आता अशी अवस्था आहे की छापखान्यातल्या कोणत्याही जुळाऱ्याने ते पाहून नोकरी सोडली असती. पण खालून दोनदा जाड हॉर्न वाजला, बायको मला फिरायला बोलवत होती, आणि पान तसंच राहू देऊन मी उठलो.